दुसऱ्यासाठी देवाकडे मागताना

वांद्र्याच्या टेकडीवर मोत माउलीच्या देवळाबाहेर मेणाच्या वस्तू विकणारी दुकानं आहेत. तिथे मेणबत्त्या असतातच, शिवाय मेणाचे हात, पाय, तान्ही बाळं, घरंही मांडून ठेवलेली असतात. ज्या अवयवाचं दुखणं, तो अवयव मेणाचा घ्यायचा आणि माउलीच्या पायाशी वाहायचा, ही तिथली जुनी रीत. सप्टेंबरात, ८ तारखेच्या सणानंतरच्या रविवारी जत्रा सुरू झाली की ख्रिस्ती कुटुंबांबरोबर हिंदू, पारशी, मुसलमानही त्या पायऱ्या चढतात. मेणाचा पाय विकत घेणारी बाई स्वतःच्या पायांनी टेकडी चढून आलेली असते. दुखरा पाय घरी असतो, नवऱ्याचा नाहीतर लेकाचा.

दुसऱ्यासाठी मागण्याचे असे मार्ग घरोघरी ठाऊक असतात. कुणी महामृत्युंजयाचा जप करवतं आणि संकल्पात आजाऱ्याचं नाव-गोत्र सांगतं. कुणी गुरुचरित्राच्या सात दिवसांच्या पारायणाला बसतं. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना ही प्रार्थना होते. तिथे लोक आपल्या माणसांसाठीच्या विनंत्या लिहून देतात. कुणी दर्ग्यावर चादर चढवतं. रायगडच्या बेने इस्रायली कुटुंबांत एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिद्याचा नैवेद्य केला जातो. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात शेवटाकडे मंगल मैत्री शिकवतात. तिथे देवाकडे मागणं नसतं, पण दुसऱ्याचं भलं चिंतणं असतंच.

इतके मार्ग असूनही, दुसऱ्यासाठी मागावं कसं, हे मात्र सहसा कुणी शिकवत नाही. वेळ येते तीही घाबरवणारी असते. ॲम्ब्युलन्स येऊन गेलेली असते, घरातल्या थोरांच्या तोंडचं पाणी पळालेलं असतं आणि हात आपोआप जोडले जातात. त्या घाईत प्रार्थनेचा नकळत सौदा होतो, कधी ती आजाऱ्यावरच ओझं होऊन बसते, कधी त्याचं गुपित चव्हाट्यावर येतं. प्रार्थना मनापासूनची असली तरी हे घडतं, म्हणून त्याचा विचार आधीच करून ठेवलेला बरा.

सुरुवात विचारण्यापासून करावी. यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा भिकारी बार्तीमय येशूला हाका मारत राहिला, तेव्हा येशूने त्याला जवळ बोलावून आधी विचारलं की तुझ्यासाठी मी काय करावं असं तुला वाटतं. आंधळ्याला काय हवं असणार, हे भोवतीच्या गर्दीला दिसत होतं. तरीही त्याला त्याच्या तोंडाने सांगू दिलं. आजाऱ्याजवळ बसून, “काकू, मी तुमच्यासाठी प्रार्थना करणार आहे, देवाकडे काय मागू?” असं विचारलं तर उत्तर अनेकदा अगदी अनपेक्षित येतं. रिपोर्टचं दडपण नातेवाइकांना असतं. काकूंना मात्र रात्री झोप हवी असते. कुणाला सुईची भीती वाटत असते. कुणाला बिलाची काळजी लागलेली असते. कुणाला दहा वर्षं न बोललेल्या भावाचा आवाज ऐकायचा असतो. हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारल्याने आजाऱ्याला समजतं की अजून आपल्याला काही मागण्याचा हक्क आहे. अंथरुणावर पडलेल्या माणसाचे बहुतेक निर्णय दुसरेच घेत असतात, त्यात एवढी एक गोष्ट त्याच्या हाती राहते.

“नको, माझ्यासाठी काही करू नका,” असंही उत्तर येऊ शकतं. ते मान्य करावं. घरी जाऊन आपल्या देवासमोर त्याचं नाव घ्यायला कुणाची बंदी नाही, पण त्याच्या खाटेशी उभं राहून त्याच्या इच्छेविरुद्ध स्तोत्र म्हणणं हा त्याचा अपमान आहे. धर्म वेगळा असेल तेव्हा तर फार जपायला हवं. शेजाऱ्याच्या उशाशी त्याला परक्या वाटणाऱ्या विधीचा आग्रह धरू नये, आणि आजारपण ही कुणाला आपल्या पंथात ओढण्याची संधी समजू नये. भीतीने कासावीस झालेल्या माणसाकडून वचनं घेणं हा देवाच्या नावाने केलेला अन्याय आहे.

मग शब्दांचा प्रश्न येतो. अनेकांना वाटतं की प्रार्थनेला मोठी भाषा लागते. तसं काही नाही. मार्काच्या शुभवर्तमानात पक्षाघात झालेल्या माणसाला चार जण उचलून आणतात, गर्दीमुळे दारातून आत जाता येत नाही म्हणून छप्पर उसकटून त्याला खाटेसकट येशूसमोर सोडतात. त्या संपूर्ण प्रसंगात त्या चौघांच्या तोंडी एकही वाक्य नाही. आजारी माणूसही काही बोलत नाही. त्यांनी आणलं, ठेवलं, एवढंच. आणखी एक गोष्ट तिथे लक्षात घेण्यासारखी आहे. ते आले होते पायांसाठी, पण येशूने आधी पापांच्या क्षमेची गोष्ट काढली. उठून चालणं नंतर आलं. आणणाऱ्यांना जे दिसत होतं त्यापलीकडचं काही त्या माणसात पाहिलं गेलं. दुसऱ्यासाठी प्रार्थना करण्याचं सारं मर्म या एका गोष्टीत सापडतं. माणसाला देवासमोर आणणं आपलं काम, आणि त्याच्यात आधी काय बरं व्हायला हवं हे ठरवणं आपलं काम नाही.

याचा अर्थ स्पष्ट मागूच नये असा कुणी घेतला तर ते चूक ठरेल. गेथशेमाने बागेत येशूने आधी उघडपणे मागितलं की हे दुःख माझ्यावरून टळावं, आणि मग पित्याच्या इच्छेवर सोपवलं. हे त्याने एकदा नव्हे, तीनदा केलं. मागणं आणि सोपवणं, दोन्ही एकाच प्रार्थनेत आहेत. यातलं पहिलं गाळणारे लोक भेटतात. “देवाच्या मनात असेल ते होईल,” असं ते सुरुवातीलाच म्हणून टाकतात. ऐकायला ते शरण गेल्यासारखं वाटतं, पण अनेकदा त्यामागे निराश व्हायची भीती असते. आशाच धरली नाही म्हणजे मोडायचा प्रश्न नाही. दुसरं गाळणारेही भेटतात. अमुक तारखेच्या आत, अमुक डॉक्टरच्या हातून, अमुक टक्के बरं, असा सारा तपशील ते देवाला ठरवून देतात. आदर दोन्हींत कमी पडतो. जवळच्या वडीलधाऱ्यांपुढे आपण मनातलं सगळं बोलतो, हट्टही करतो, आणि शेवटी त्यांचा शब्द मानतो. अब्राहामाने सदोम नगरासाठी याच रीतीने रदबदली केली. पन्नास नीतिमान सापडले तर नगर वाचवशील का, इथून सुरुवात करून तो घासाघीस करत दहापर्यंत आला आणि तिथे थांबला. नगर वाचलं नाही. अब्राहामाचा पुतण्या लोट आणि लोटाच्या दोन मुली एवढेच वाचले. अब्राहामाच्या चिकाटीला बायबलमध्ये कुठेही उद्धटपणा म्हटलेलं नाही.

साध्या घरगुती मराठीत ही प्रार्थना अशी करता येते: “देवा, काकूंना तुझ्यासमोर आणलंय. त्यांची गाठ बरी व्हावी असं मला फार वाटतं, तेच मागतो. रात्री त्यांना शांत झोप लागू दे. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचं चित्त स्थिर ठेव. मला जे दिसत नाही ते तुला दिसतं, म्हणून पुढचं तुझ्यावर सोडतो. काहीही झालं तरी त्यांना एकटं वाटू देऊ नकोस.” म्हणायला अर्धं मिनिट लागतं. आजाऱ्याच्या खाटेशी यापेक्षा लांब प्रार्थना करू नये; दमलेल्या माणसाला डोळे मिटून ऐकत राहण्याचेही कष्ट होतात.

मराठी माणसाजवळ या बाबतीत एक मोठा नमुना आहे, आणि तो इतका पाठ आहे की त्याच्याकडे निरखून पाहायचं राहून जातं. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. सच्चिदानंद बाबा ती लिहून घेत होते. ग्रंथाच्या शेवटी पसायदान आलं. परंपरेने ज्ञानदेवांचं जन्मसाल १२७५ मानतात, म्हणजे मागणारा पंधरा-सोळा वर्षांचा होता. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेल्या घरातला, आईबापांना गमावलेला. इतकं मोठं काम पुरं झाल्यावर स्वतःसाठी काही मागावं, ज्यांनी छळलं त्यांचा निदान उल्लेख करावा, तर तसं काहीच नाही. सारं मागणं जगासाठी आहे. दुष्टांचा नाश त्यात मागितलेला नाही. त्यांच्यातला दुष्टपणा जावा आणि त्यांना चांगल्या कामाची गोडी लागावी, असं मागितलं आहे. सर्व प्राणिमात्रांचं एकमेकांशी जिव्हाळ्याचं मैत्र व्हावं, ही मागणी त्यालाच लागून येते.

त्यातला क्रम मुद्दाम पाहावा. प्रत्येकाच्या इच्छा पुऱ्या व्हाव्यात हे मागणंही पसायदानात आहे, पण ते दुष्टपणा सरल्यानंतर आणि मैत्री जडल्यानंतर आलं आहे. मन बदलल्याशिवाय इच्छा पुऱ्या झाल्या तर काय होईल, हे त्या तरुणाला ठाऊक असणार. रोजच्या प्रार्थनेत हा क्रम सहज पाळता येतो. मुलाला नोकरी लागावी हे मागण्याआधी त्याच्यात धीर आणि सचोटी यावी हे मागावं. घरातलं भांडण आपल्या बाजूने मिटावं असं म्हणण्याआधी दोन्ही बाजूंची मनं निवळावीत असं म्हणावं. नवसाची सवय असलेल्याला हे जड जातं, कारण नवसात देणं-घेणं आधीच ठरलेलं असतं. तुकोबांनी नवसावर कडक टीका केली. मेणाचा पाय किंवा नारळ प्रेमाने वाहणाऱ्या कष्टकरी बाईला त्यामुळे नावं ठेवायचं कारण नाही. तिने एवढंच सांभाळावं की हातातली वस्तू ही कृतज्ञता राहावी, तिची किंमत होऊ नये.

आता एक अवघड जागा. बायॉप्सी होऊन गेली आहे, रिपोर्ट लॅबमध्ये तयार आहे, उद्या मिळणार आहे. अशा वेळी “रिपोर्ट चांगला येऊ दे” अशी प्रार्थना सगळेच करतात. ज्यूंच्या मिश्ना या धर्मग्रंथात, बराखोत नावाच्या भागात, यावर फार विचार करायला लावणारा निवाडा आहे. प्रवासाहून परतणाऱ्याने गावातून आक्रोश ऐकला आणि “हे माझं घर नसू दे” असं म्हटलं, तर ती प्रार्थना व्यर्थ आहे, कारण जे घडायचं ते घडून गेलं आहे. त्यात दुसऱ्या कुणाचं घर असण्याची इच्छाही नकळत दडलेली असते. घाबरलेल्या माणसाला हे ऐकवून दुखवायचं नाही, पण स्वतः प्रार्थना करणाऱ्याने ते ध्यानात ठेवावं. रिपोर्ट बदलायला मागण्यापेक्षा तो ऐकण्याचं बळ मागावं, पुढचे निर्णय शांतपणे घेता यावेत असं मागावं, चांगले उपचार वेळेत मिळावेत असं मागावं. या गोष्टी अजून घडायच्या आहेत.

प्रार्थनेचा परिणाम मोजण्याचे प्रयत्नही झाले आहेत. फ्रान्सिस गॉल्टनने १८७२ मध्येच हा प्रश्न आकडेवारीने तपासला होता: राजांच्या दीर्घायुष्यासाठी सारी प्रजा प्रार्थना करते, तर राजे इतरांपेक्षा जास्त जगतात का? जगत नव्हते. सगळ्यांत मोठा आणि काटेकोर प्रयोग हर्बर्ट बेन्सन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत झाला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. बायपास शस्त्रक्रिया होणाऱ्या १,८०२ रुग्णांचे तीन गट केले. पहिल्या दोन गटांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही; त्यांपैकी एकासाठी झाली, दुसऱ्यासाठी झाली नाही. तिसऱ्याला स्पष्ट सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे. शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत पहिल्या गटात ५२ टक्के आणि दुसऱ्यात ५१ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखीच निघाली. ज्यांना प्रार्थनेची खात्री दिली होती त्या तिसऱ्या गटात ती ५९ टक्के होती.

श्रद्धावंताने या आकड्यांना घाबरू नये आणि त्यांच्याकडे पाठही फिरवू नये. अनोळखी माणसांनी ठरावीक वाक्य म्हणून चौदा दिवस केलेली प्रार्थना मोजली गेली. आईने लेकासाठी केलेली मोजली गेली नाही, आणि ती करू नका असं कुणी सांगितलंही नव्हतं. देवाच्या इच्छेवर सोपवलेली प्रार्थना यशाच्या टक्क्यांत बसवताही येत नाही, कारण तिने निकालाची अट घातलेली नसते. पण तिसऱ्या गटाचा आकडा व्यवहारात उपयोगी आहे. तो योगायोगही असू शकेल, असं संशोधकांनी म्हटलं. त्यांच्यातल्या एका डॉक्टरांनी असाही अंदाज मांडला की आपल्यासाठी खास प्रार्थना चालली आहे हे कळल्यावर रुग्णाच्या मनात आलं असेल, माझी तब्येत इतकी वाईट आहे का? म्हणून आजाऱ्याला सांगताना सूर सांभाळावा. “आम्ही सगळे रात्रभर जागून तुमच्यासाठी देवाचा धावा करतोय,” हे ऐकून धीर येण्याऐवजी धडकी भरू शकते. “रोज संध्याकाळी तुमची आठवण काढतो,” एवढं पुरतं. बरं होऊन दाखवण्याची जबाबदारी आजाऱ्याच्या शिरावर येता कामा नये.

न सांगता केलेल्या प्रार्थनेला तर धर्मग्रंथांनीच मान दिला आहे. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात पैगंबरांचं असं सांगणं आहे की पाठीमागे, गैरहजेरीत, भावासाठी दुआ करणाऱ्याला फरिश्ता म्हणतो की तुलाही तसंच मिळो. येशूनेही दार लावून एकांतात प्रार्थना करायला सांगितलं.

बेन्सन यांच्या त्या प्रयोगात प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णाचं फक्त पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर दिलं होतं. तेवढ्यावर त्यांनी प्रार्थना केली. आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र आजाऱ्याचं पूर्ण नाव, रुग्णालय, खोली नंबर, स्कॅनचा फोटो आणि आयसीयूत नळ्या लावलेल्या चेहऱ्याचं छायाचित्रसुद्धा फिरतं. यामागे हेतू चांगला असतो, पण त्या माणसाचं त्यात काही राहत नाही. मानसिक आजाराच्या रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंधनकारक केलं आहे, आणि एचआयव्हीबाबत त्याच वर्षीचा वेगळा कायदा आहे. प्रार्थना करणाऱ्यांनी निदान तितकी मर्यादा पाळावी. मुलीचा गर्भपात झाला, जावयाला दारू सोडवायला ठेवलं आहे, असल्या गोष्टी “प्रार्थनेसाठी विनंती” म्हणून पसरतात आणि पुढे वर्षानुवर्षं त्या कुटुंबाच्या मागे लागतात. नाव पुरेसं आहे, आणि तेही विचारून. रोगाचं नाव देवाला सांगावं लागत नाही.

याहून मोठी इजा ‘चूक कुणाची’ या एका प्रश्नाने होते. “काहीतरी चुकलं असेल,” “कुलदेवतेचं राहिलं असेल,” “श्रद्धा कमी पडली असेल,” असं आजाऱ्याच्या तोंडावर बोलणारी माणसं त्याच्याच गोतावळ्यातली असतात. जन्मांध माणसाला पाहून येशूच्या शिष्यांनी विचारलं होतं की पाप कुणाचं, याचं की आईबापांचं. येशूने दोन्ही नाकारलं. बायबलमधल्या, संकटांनी गांजलेल्या ईयोबाचे मित्र तर या बाबतीत कायमचा धडा आहेत. ते आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कुणी एक शब्द बोललं नाही. तेवढं त्यांचं उत्तम झालं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि त्याचे दोष शोधायला सुरुवात केली. शेवटी देवाने त्या मित्रांनाच दोषी धरलं आणि ईयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी असं सांगितलं. आजाऱ्याजवळ काय बोलावं ते सुचत नसेल तर त्या पहिल्या सात दिवसांसारखं बसावं.

प्रार्थनेने स्वतःला कामाला जुंपावं, हे महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसेल. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचं बालपण तीर्थयात्रांत गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान आणि श्रद्धाळू. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात या कुटुंबाने व्रतं केली, उपास केले, होतं ते दान केलं, आणि तरी वडील, आई आणि मोठी बहीण एकापाठोपाठ गेले. मागूनही न मिळाल्याचा इतका कडू अनुभव असलेली ही बाई पुढे ख्रिस्ती झाली आणि जन्मभर प्रार्थना करत राहिली. पण तिच्या प्रार्थनेला हातपाय होते. १८९६-९७च्या दुष्काळात तिने स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुलींना आणलं. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावला ठेवलं. तिथे मुक्ती मिशन उभं राहिलं. विहिरी खणल्या, शेती केली, माग लावले, छापखाना चालवला.

१९०५च्या सुरुवातीला रमाबाईंनी तिथे एक प्रार्थनामंडळ सुरू केलं. रोज सकाळी सुमारे ७० जणी जमत. पुढे ही संख्या ५५० पर्यंत गेली. भारतातल्या ख्रिस्ती लोकांचं मन खऱ्या अर्थाने पालटावं अशी ती प्रार्थना होती, आणि त्यात त्यांनी स्वतःलाही धरलं होतं. दुसऱ्यासाठी प्रार्थना करणाऱ्याने हे आवर्जून करावं. सून बदलावी, मुलगा सुधारावा, शेजाऱ्याला सुबुद्धी यावी, अशा प्रार्थनांत मागणारा स्वतः पंच होऊन बसतो. आपलंही नाव त्या यादीत घातलं की पंचाची खुर्ची सोडावी लागते.

आपण ज्याच्यासाठी मागतो त्याच्यासाठी आपल्या हाताने काय होण्यासारखं आहे, हा प्रश्न प्रार्थना संपताच स्वतःला विचारावा. उत्तर अनेकदा अगदी साधं असतं. रात्री रुग्णालयात झोपायला एक माणूस हवा असतो. रक्तदाता हवा असतो. घरच्या म्हातारीला दोन वेळचा डबा हवा असतो. सरकारी योजनेचे कागद घेऊन खिडक्यांसमोर उभं राहायला कुणीतरी हवं असतं.

रुग्णालयातल्या काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. शस्त्रक्रियेआधी रुग्णाला उपाशी ठेवतात, कारण भूल दिल्यावर पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. अशा वेळी तीर्थाचा थेंब किंवा प्रसादाचा कण प्रेमानेसुद्धा तोंडात घालू नये. नर्सला विचारल्याशिवाय काहीच देऊ नये. जिथे ऑक्सिजन चालू आहे तिथे उदबत्ती, निरांजन, मेणबत्ती कधीही लावू नये, आग क्षणात भडकते. आयसीयूत अंगारा, तेल, फुलं नेऊ नयेत. कपाळाला हात लावायचा असेल तर आधी हात स्वच्छ धुवावेत.

प्रार्थना चालू आहे म्हणून औषध थांबवा, असं सांगणारा कुणीही असो, त्याचं ऐकू नये. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३च्या हत्येनंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे असे उपाय करणं हा त्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, शिवाय ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. भजन, कीर्तन, उपासना, वारी यांना हा कायदा हात लावत नाही. प्रार्थनेची मर्यादा तो ओळखतो, आणि खऱ्या श्रद्धावंताला त्यात अडचण वाटायचं कारण नाही.

आणि बरं नाहीच झालं तर? प्रेषित पौलाने आपल्या शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे एका जुन्या त्रासासाठी, तीनदा विनवणी केली. काटा गेला नाही, तो सोसायला कृपा पुरेल एवढंच त्याला सांगितलं गेलं. रमाबाईंची एकुलती लेक मनोरमा, जिच्या हाती काम सोपवायचं होतं, ती १९२१ मध्ये त्यांच्याआधी गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या, बायबलचं मराठी भाषांतर पुरं करून. प्रार्थना करणाऱ्यांच्या घरी मरण येत नाही, असं कोणत्याच धर्माने कधी सांगितलेलं नाही.

डॉक्टरांनी उपाय संपल्याचं सांगितल्यावर प्रार्थना थांबवायची नसते, बदलायची असते. वेदना कमी व्हाव्यात, जुनी भांडणं मिटावीत, कुणाचं काही सांगायचं राहिलं असेल तर ते सांगून व्हावं, आणि निरोप शांतपणे घेता यावा, असं मागावं. ज्या टेकडीवर मेणाचे पाय विकले जातात, तिथेच मोत माउलीच्या जवळ १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे, भारतातलं पहिलं हॉस्पिस. बरा न होणारा कर्करोग झालेल्यांची सेवा तिथे मोफत होते. चमत्कार मागायला चढायची आणि शेवटचे दिवस सुखाचे जावेत म्हणून चढायची वाट तिथे एकच आहे. अशा वेळी घरच्यांसमोर “अजून चमत्कार होईल” हा हट्ट धरू नये. त्याने आजाऱ्याला आपलं मरण बोलून दाखवायचीही चोरी होते.

ज्याने आपलं वाईट केलं त्याच्यासाठी प्रार्थना करणं हे सगळ्यांत कठीण. मंगल मैत्रीच्या पारंपरिक शिकवणीत क्रम असा सांगतात: आधी स्वतः, मग जिवलग, मग ओळखीपुरता माणूस, मग वैर करणारा. थेट शेवटच्यापासून सुरुवात केली तर शब्द खोटे वाटतात. म्हणून पायरीपायरीने जावं, आणि एखादे दिवशी वैऱ्याचं फक्त नाव घेऊन थांबावं लागलं तर तेवढंच करावं. घरच्या माणसाकडून मार खाणाऱ्या बाईने मात्र असली प्रार्थना म्हणजे पुन्हा त्याच घरात परतण्याचा आदेश समजू नये. त्याच्यासाठी दूर, सुरक्षित जागी राहूनही देवाकडे मागता येतं, आणि पोलिसांत तक्रार देऊनही मागता येतं.

रोज किती वेळ द्यावा, याला नियम नाही. मोजकी नावं घ्यावीत, ठरलेल्या वेळी घ्यावीत. दिवेलागणीला, फजरच्या नमाजानंतर, रोजरीची माळ हातात असताना किंवा लोकलच्या गर्दीत उभं असताना, ज्याला जशी सोय. पन्नास जणांची यादी वाचून टाकण्यापेक्षा पाच जणांना चेहऱ्यानिशी आठवणं बरं. “प्रार्थना करतो” असं कुणाला लिहिलं तर ती पाठवायचं बटण दाबायच्या आधीच करावी. नंतर राहून जाते.

एका माणसाचं नाव यादीत हमखास राहतं, आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याचं. पहिल्या आठवड्यात सगळे येतात, सहाव्या महिन्यात कुणी फिरकत नाही, आणि अर्धांगाने पडलेल्या सासऱ्यांना कूस बदलून देणारी सून एकटीच उरते. मरण झालं असेल तर तेराव्यानंतर किंवा चर्चमधल्या महिन्याच्या मिस्सानंतर त्या घरचा फोन वाजायचा बंद होतो. वर्षभरापूर्वी ज्यांच्यासाठी तुम्ही देवाकडे काही मागितलं होतं अशा एका घराला या आठवड्यात फोन करा. मागितलेलं मिळालं असो वा नसो, आता तुमच्यासाठी काय मागू, एवढं त्यांना विचारा.